गंभीर भाजल्यानंतर शरीरातील कोलॅजनचे काय होते?

थोडक्यात महत्त्वाचे

• कोलॅजन हे कातडीला ताकद देणारे प्रथिन आहे. खोल भाजल्यावर ते उष्णतेने बिघडते आणि पुढचे अनेक दिवस शरीराची स्वतःची रसायनेही ते तोडत राहतात.
• शरीराचा मोठा भाग भाजला असेल, तर हा परिणाम जखमेपुरता राहत नाही. स्नायू, हाडे आणि न भाजलेली कातडीसुद्धा झिजते.
• जखम भरताना उलट घडते. नवीन कोलॅजन गरजेपेक्षा जास्त तयार होते. त्यातून जाड, खाजणारे व्रण उठतात आणि सांधे आखडतात.
• म्हणून जखम मिटली की उपचार संपले असे होत नाही. आहार, व्यायाम आणि दाबाचे कपडे एक ते दोन वर्षे सांभाळावे लागतात.
• भाजल्याबरोबर २० मिनिटे वाहते पाणी घाला. हळद, तेल, टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावू नका.

कोलॅजन म्हणजे काय?

आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी साधारण तिसरा हिस्सा कोलॅजनचा असतो. कातडी, हाडे, सांध्यांचे बंध, स्नायू हाडाला बांधणारे दोर, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना ते आधार देते. कातडीचे दोन मुख्य थर असतात. वरचा थर पातळ असतो आणि सतत नवा होत असतो. त्याखालचा जाड थर मुख्यतः कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला असतो. कातडी ओढली तरी फाटत नाही, ती या विणीमुळे.

कोलॅजनचा प्रत्येक रेणू तिपेडी वेणीसारखा असतो. तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेऊन राहतात. ही रचना १९५४-५५ च्या सुमारास मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली. ही वेणी घट्ट राहण्यासाठी त्यात हायड्रॉक्सीप्रोलीन नावाचा घटक लागतो आणि तो तयार होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. पुढे आहाराचा विषय येईल, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

निरोगी शरीरातही जुने कोलॅजन थोडे थोडे तोडले जाते आणि नवे बनते. तोडण्याचे काम काही खास एन्झाइम करतात. त्यांपैकी कोलॅजनेज हे एन्झाइम १९६२ मध्ये बेडकाच्या पिलाच्या शेपटीत प्रथम ओळखले गेले. पिलाचा बेडूक होताना शेपटी गळून पडत नाही. शरीर ती आतून विरघळवते आणि त्यासाठी हे एन्झाइम वापरते. म्हणजे कोलॅजन तुटणे हा मुळात आजार नव्हे. तोडणे आणि बांधणे यांचा तोल राहिला की सर्व ठीक चालते. गंभीर भाजण्यात हा तोल आधी एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला जातो.

उष्णतेने कोलॅजनचे काय होते?

मटणाच्या पायाचा रस्सा बराच वेळ शिजवला की तो चिकट होतो आणि थंड झाल्यावर थरथरत्या जेलीसारखा बसतो. शिजताना कोलॅजनची वेणी उसवते आणि त्याचे जिलेटिन बनते. कातडी खोल भाजते तेव्हा काहीसे असेच घडते. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला कातडीतील कोलॅजनचे धागे उसवून आक्रसतात. तापमान जितके जास्त आणि संपर्क जितका लांब, तितका हा परिणाम खोल जातो. उकळते पाणी, गरम तेल किंवा पेटते कापड याला काही क्षण पुरतात.

उसवलेल्या कोलॅजनचा मृत, टणक, चामड्यासारखा थर जखमेवर राहतो. डॉक्टर त्याला 'एस्कार' म्हणतात. तो ताणला जात नाही. हात, पाय किंवा छातीभोवती असा थर पूर्ण वेढा घालून असेल आणि खालची सूज वाढत असेल, तर रक्तपुरवठा किंवा श्वास अडतो. अशा वेळी डॉक्टर त्या थराला लांब चिरा देतात. नातेवाइकांना हे पाहून धक्का बसतो, पण त्यामुळे हात-पाय वाचतो, कधी जीवही वाचतो.

भाजलेल्या जागेचे तीन पट्टे असतात. हे वर्णन जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९५३ मध्ये केले आणि ते आजही वापरात आहे.

• मधला पट्टा: येथील पेशी मेलेल्या असतात आणि कोलॅजन बिघडलेले असते. हा भाग परत येत नाही.
• त्याभोवतीचा पट्टा: येथे पेशी जिवंत असतात, पण रक्तपुरवठा मंदावलेला असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत हा भाग वाचू शकतो किंवा मरू शकतो.
• सर्वांत बाहेरचा पट्टा: फक्त लालसर झालेला. हा सहसा बरा होतो.

प्रथमोपचाराचा सगळा उद्देश मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमधील दुसरा पट्टा वाचवणे हा आहे. तो वाचला तर जखम उथळ राहते, कमी कोलॅजन नष्ट होते आणि पुढचा व्रणही कमी होतो.

पहिली २० मिनिटे: हळदीच्या गावांसाठी खास सूचना

साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. या जिल्ह्यात हळद मोठ्या प्रमाणावर पिकते. काढणीनंतर हळद शिजवण्याचे काम सुरू होते. कुणाकडे मोठी काहील असते, कुणाकडे वाफेवर चालणारे ड्रम आणि बॉयलर. उकळते पाणी, वाफ, ओला निसरडा चिखल, पहाटेपासून चाललेले काम आणि आजूबाजूला खेळणारी मुले, हे सगळे एकत्र येते. एरवी घरात चूल, गॅस, आंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा हंडा आणि शेतात मोटारीचा विजेचा धक्का, ही भाजण्याची नेहमीची कारणे आहेत.

भाजल्याबरोबर हे करा:

१. माणसाला उष्णतेपासून दूर करा. कपडे पेटले असतील तर धावू देऊ नका. जमिनीवर लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडे गुंडाळा. विजेचा धक्का असेल तर आधी वीज बंद करा, तोपर्यंत त्या माणसाला हात लावू नका.

२. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे स्वच्छ वाहते पाणी घाला. नळ नसेल तर बोअरचे, टाकीतले किंवा घागरीतले पाणी तांब्याने ओतत राहा. थोडा उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांपर्यंत याचा फायदा होतो. लहान मूल किंवा अंगाचा मोठा भाग भाजलेला असेल, तर न भाजलेले अंग पांघरुणाने झाका, कारण अशा रुग्णाचे अंग पटकन गार पडते.

३. अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, जोडवी, कडदोरा, घड्याळ सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका.

४. धुतलेल्या कोरड्या सुती कापडाने जखम सैल झाका. फोड फोडू नका.

५. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. धनुर्वाताची लस लागेल.

घरात हळद भरपूर असते आणि ती जंतुनाशक असते अशी आपली समजूत असते, म्हणून हात आधी तिकडे जातो. ताज्या भाजलेल्या जखमेवर मात्र ती लावू नका. हळदीच्या पिवळ्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. ती काढण्यासाठी जखम घासावी लागते, त्याने वेदना होतात आणि नाजूक पेशी निघून जातात. घरातील पूड निर्जंतुक नसते. तेल, तूप, टूथपेस्ट, शाई, माती, शेण यांचेही तेच. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि वाचू शकणारा पट्टाही मरू शकतो.

जखमेत पुढचे काही दिवस काय चालते?

आग विझली तरी कोलॅजनचा नाश थांबत नाही. भाजल्यानंतर काही तासांत पांढऱ्या पेशी जखमेत येतात. जंतूंशी लढणे आणि मेलेला भाग साफ करणे हे त्यांचे काम. त्यासाठी त्या कोलॅजन तोडणारी एन्झाइम सोडतात. या एन्झाइमच्या गटाला मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज म्हणतात. काही प्रकार अखंड वेणी कापतात, तर काही उसवलेले जिलेटिन बारीक करतात. त्यांना लगाम घालणारी प्रथिनेही शरीरात असतात.

लहान जखमेत ही सफाई वेळेवर थांबते. मोठ्या भाजण्यात सूज फार असते, एन्झाइम जास्त सुटतात आणि लगाम अपुरा पडतो. मग मेलेल्या कोलॅजनबरोबर चांगले आणि नुकतेच तयार होणारे कोलॅजनही तुटते. जखमेत जंतू वाढले तर तेही स्वतःची कोलॅजन खाणारी एन्झाइम सोडतात. एस्कारखाली पू होणे, तो सैल पडून सुटणे आणि उथळ वाटणारी जखम अचानक खोल होणे यामागे हे कारण असते. 'काल जखम बरी दिसत होती, आज काळी पडली' असे दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगा.

संपूर्ण शरीरावर काय परिणाम होतो?

मोठ्या माणसात अंगाचा सुमारे २० टक्के किंवा त्याहून जास्त भाग भाजला, की सगळे शरीर त्यात ओढले जाते. अंदाजासाठी रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसह साधारण १ टक्का धरा. मोठ्या माणसाचा एक पूर्ण हात सुमारे ९ टक्के आणि एक पूर्ण पाय सुमारे १८ टक्के असतो. नुसता लालसर झालेला भाग यात मोजत नाहीत.

अशा रुग्णात ताणाची संप्रेरके खूप वाढतात. हृदय जोरात चालते, अंग तापते, बसल्या जागी ऊर्जेचा खर्च वाढतो. हा खर्च भागवण्यासाठी शरीर स्वतःचीच प्रथिने मोडायला लागते.

• स्नायू: दंड, मांड्या बारीक होतात. उभे राहण्याची, खोकून कफ काढण्याचीही ताकद कमी होते.
• न भाजलेली कातडी आणि जोडणाऱ्या ऊती: यांतील कोलॅजनही झिजते. त्यामुळे पाठीवर, टाचांवर दाबाच्या जखमा लवकर होतात आणि कलम घेतलेली जागा हळू भरते.
• हाडे: हाडाचा साचा कोलॅजनचाच असतो, त्यावर कॅल्शियम बसते. मोठ्या भाजण्यानंतर हाडाची झीज होते आणि नवे हाड बनणे मंदावते. अंथरुणावर पडून राहिल्याने यात भर पडते. व्रण झालेल्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व नीट तयार होत नाही. मुलांची वाढ काही काळ खुंटू शकते.

तुटलेल्या कोलॅजनचा हिशेब लघवीत दिसतो. वर सांगितलेले हायड्रॉक्सीप्रोलीन शरीर पुन्हा वापरू शकत नाही, ते लघवीतून बाहेर पडते. गंभीर भाजलेल्या रुग्णांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. ही तपासणी संशोधनात उपयोगी पडते. रोजच्या उपचारासाठी ती लागत नाही, म्हणून ती करून घेण्याचा आग्रह धरू नका. तुमच्यासाठी वजन, भूक, हाताची पकड आणि चालण्याची ताकद ही जास्त उपयोगी मोजमापे आहेत.

ही झीज जखम मिटल्याच्या दिवशी थांबत नाही. मोठ्या भाजण्यात ती वर्षभर, कधी दोन वर्षांहून जास्त काळ चालू राहते. घरी आल्यावर 'आता जखम बरी आहे, मग अंग का भरत नाही?' असा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. त्याचे उत्तर इथे आहे.

जखम भरताना व्रण का उठतो?

झीज चालू असतानाच जखमेत बांधकामही सुरू होते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी आधी पातळ, मऊ प्रकारचे कोलॅजन टाकतात. शेतात आधी कच्चा बांध घालावा तसे. नंतर महिनोन् महिने ते काढून जाड, मजबूत कोलॅजन बसवले जाते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नव्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण पावपट असते. काही महिन्यांनी ती वाढते, पण पूर्वीच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. म्हणून नवी कातडी कपड्याच्या घर्षणानेही सोलते.

जखम दोन-तीन आठवड्यांत भरली तर व्रण बहुधा साधा राहतो. तीन आठवड्यांहून जास्त लागले तर जाड व्रणाचा धोका बराच वाढतो. अशा जखमेत सूज लांबते, कोलॅजन टाकण्याचा वेग वाढतो आणि तोडण्याचा वेग मागे पडतो. धागे कातडीच्या नैसर्गिक विणीत न बसता गाठीगाठींनी साठतात. शिवाय काही पेशी स्नायूंसारख्या आकसतात आणि जखमेच्या कडा आत ओढतात. लहान जखम बंद करायला ही ओढ उपयोगी पडते. मान, काख, कोपर, बोटे, गुडघा अशा ठिकाणी मात्र तीच ओढ सांधा कायमचा वाकवते.

रुग्णालयात केलेले उपचार यात कशी मदत करतात?

मृत थर लवकर काढणे: खोल भाजलेला थर पहिल्या काही दिवसांत शस्त्रक्रियेने काढला, की सूज आणि जंतूंचे घर दोन्ही जातात. तोडणाऱ्या एन्झाइमचा पूरही ओसरतो. स्लोव्हेनियातील झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरतात. काही निवडक जखमांत मृत कोलॅजन विरघळवणारे कोलॅजनेजचे मलमही डॉक्टर देतात. तेच एन्झाइम, पण इथे ते डॉक्टरांच्या हातात असते.

कातडीचे कलम: रुग्णाच्याच मांडीची किंवा पाठीची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. कलम लवकर बसले की तीन आठवड्यांची ती रेषा ओलांडावी लागत नाही.

दान केलेली कातडी: रुग्णाची स्वतःची कातडी पुरत नसेल, तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली कातडी तात्पुरते आवरण म्हणून लावतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ येथून पातळ थर घेतात. त्याने देह विद्रूप होत नाही.

कोलॅजनची पट्टी: उथळ, स्वच्छ जखमेवर प्राण्यांपासून मिळवलेल्या कोलॅजनची पातळ पट्टी लावतात. ती वेदना कमी करते आणि रोजची पट्टी बदलण्याचा त्रास वाचवते. खोल, घाण किंवा पू झालेल्या जखमेवर ती चालत नाही. ती कोणत्या प्राण्यापासून बनली आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर निःसंकोच विचारा.

बटाट्याची साल: महागडी आवरणे परवडत नाहीत या अडचणीवर मुंबईतील डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची निर्जंतुक पट्टी वापरून पाहिली आणि १९८५ मध्ये त्यावर लेख लिहिला. ती जखमेला ओलावा देते, पण स्वतः जखम भरत नाही. ती रुग्णालयात निर्जंतुक करून वापरायची पट्टी आहे. घरी साली चिकटवू नका.

शरीराची झीज कमी करणे: लवकर अन्न सुरू करणे, खोली उबदार ठेवणे, वेदना आणि जंतुसंसर्ग आटोक्यात ठेवणे, लवकर हालचाल सुरू करणे हे सर्व त्यासाठीच असते. काही रुग्णांत हृदयाची गती आणि ऊर्जेचा खर्च कमी करणारी औषधे देतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ किंवा थांबवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्याच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतात. दाखल होताच त्यांना भेटा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

आहार: कोलॅजन बांधायला काय लागते?

भाजलेल्या माणसाला 'आंबट देऊ नका, पू होईल', 'डाळ-अंडी बाधतात', 'हलके म्हणून फक्त पेज द्या' असे पथ्य अनेक घरांत पाळतात. याने नुकसान होते. शरीर प्रथिने मोडत असताना आपण ती देणेच बंद करतो.

गंभीर भाजलेल्या मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १.५ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ७५ ते १०० ग्रॅम. मुलांचे प्रमाण डॉक्टर ठरवतील. गावात मिळणाऱ्या अन्नातून हे असे जमते:

• ४ अंडी: सुमारे २४ ग्रॅम
• अर्धा लिटर दूध किंवा तितके दही: सुमारे १६ ग्रॅम
• १०० ग्रॅम कोरडी डाळ शिजवून: सुमारे २२ ग्रॅम
• ५० ग्रॅम शेंगदाणे, चटणी किंवा कुटासह: सुमारे १२ ग्रॅम
• ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी: सुमारे १० ग्रॅम

एकूण सुमारे ८४ ग्रॅम. अंडी खात नसाल तर डाळ, दूध, पनीर आणि सोयाबीन वाढवा. मटण, चिकन, मासे चालतात.

'क' जीवनसत्त्वासाठी रोज लिंबू, पेरू किंवा आवळा द्या. आंबटाने पू होत नाही. उलट 'क' जीवनसत्त्व नसेल तर नव्या कोलॅजनची वेणी घट्ट बसत नाही. जस्तासाठी तीळ, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये उपयोगी. 'ड' जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करा.

एकदम जास्त खाणे होत नसेल तर दोन-दोन तासांनी थोडे द्या. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर वरचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तंबाखू, बिडी, दारू पूर्ण बंद. बिडीतील निकोटिनने नव्या कातडीला रक्त कमी पोहोचते.

घरी आल्यानंतर काय सांभाळायचे?

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवा: ज्या स्थितीत रुग्णाला आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. वेदनेमुळे तो हात जवळ घेतो, गुडघा वाकवतो, उशीवर मान टेकवतो. मायेपोटी आपणही तसेच राहू देतो. त्याच वेळी नवे कोलॅजन त्या आखूड मापाने विणले जात असते.

• मान भाजली असेल: डोक्याखाली उशी नको. मान किंचित मागे राहील असे झोपवा.
• काख: हात अंगापासून लांब, शक्यतो खांद्याच्या रेषेत.
• कोपर आणि गुडघा: सरळ. गुडघ्याखाली उशी ठेवू नका.
• घोटा: पाऊल काटकोनात.
• हात: पंजाची पट्टी (स्प्लिंट) फिजिओथेरपिस्टने सांगितली तशीच बांधा.
• ओठ आणि गाल: दिवसातून अनेकदा तोंड पूर्ण उघडण्याचा व्यायाम.

व्यायाम दिवसातून किमान चार-पाच वेळा करा. ओढ जाणवेल आणि व्रण फिका पडेल इतका ताण द्या, रक्त येईल इतका नको. शक्य तितकी कामे रुग्णालाच करू द्या: स्वतः जेवणे, वेणी घालणे, घागर नाही पण तांब्या उचलणे.

दाबाचे कपडे मापाने शिवलेले असतात. ते आंघोळ आणि मालिश सोडून दिवसरात्र, सुमारे २३ तास घालायचे असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे अवघड जाते. दोन जोड ठेवा, रोज धुवा, दुपारी सावलीत आणि वाऱ्यात राहा. त्यांच्या सोबत सिलिकॉन जेल किंवा पत्रा सांगितला असेल तर तोही वापरा.

जखम पूर्ण मिटल्यानंतर खोबरेल तेलाने दिवसातून दोन-तीनदा मालिश करा. ताज्या जखमेवर तेल नको आणि भरलेल्या व्रणावर तेल हवे, हा फरक ध्यानात ठेवा. उन्हात जाताना व्रण सुती कापडाने झाका, नाहीतर तो काळा पडतो.

व्रण साधारण पहिले सहा महिने जास्त जाड आणि लाल-जांभळा होत जातो. हे पाहून धीर सोडू नका. पुढे तो मऊ, सपाट आणि फिका होऊ लागतो. त्याला 'पिकायला' एक ते दोन वर्षे लागतात. तोपर्यंत तोडणे आणि बांधणे चालूच असते, म्हणून त्याला वळण लावता येते. पिकल्यावर मात्र आखडलेला सांधा सहसा शस्त्रक्रियेनेच सुटतो.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

भाजल्यानंतर:
• मोठ्यांत १० टक्क्यांहून जास्त भाग किंवा मुलांत व वृद्धांत कोणतेही लक्षणीय भाजणे
• चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजणे
• जखम पांढरी, काळी, चामड्यासारखी आणि न दुखणारी असणे. न दुखणे हे खोल भाजल्याचे लक्षण आहे.
• वीज, आम्ल किंवा रसायनाने भाजणे. विजेच्या धक्क्यात वरची जखम छोटी आणि आतली मोठी असते.
• बंद खोलीत धूर लागणे, आवाज बसणे, नाकातले केस जळणे

घरी आल्यानंतर:
• ताप, वाढती वेदना, दुर्गंधी, पू किंवा जखमेचा रंग बदलणे
• सांधा पूर्वीपेक्षा कमी हलणे
• वजन सतत घटणे, अन्न न जाणे
• किरकोळ मार लागून हाड दुखणे
• जुन्या व्रणात अनेक महिने न भरणारी जखम. क्वचित अशा जखमेत कर्करोग होतो, म्हणून तुकडा तपासावा लागतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलॅजनची पावडर किंवा गोळ्या घेतल्या तर जखम लवकर भरेल का?
पोटात गेलेले कोलॅजन इतर प्रथिनांसारखेच पचते. ते सरळ जखमेत जाऊन बसत नाही. त्या पैशात अंडी, दूध आणि डाळ आणणे जास्त फायद्याचे. पायाचा रस्सा आवडत असेल तर द्या, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका.

खाज फार सुटते. काय करावे?
व्रण बनत असताना खाज येतेच. तेल किंवा मॉइश्चरायझर, थंड ओले कापड, दाबाचे कपडे यांनी आराम पडतो. झोप उडत असेल तर औषध मिळते. नखे कापा, कारण नवी कातडी खाजवल्याने फाटते.

व्रण पूर्ण जाईल का?
खोल भाजल्याचा व्रण पुसून टाकता येत नाही. पण तो मऊ, सपाट आणि सांधा हलू देणारा करता येतो.

आमच्या गावात फिजिओथेरपिस्ट नाही. मग?
डिस्चार्जच्या आधी घरातल्या दोन माणसांनी सर्व व्यायाम शिकून घ्या आणि मोबाईलवर चित्रण करून ठेवा. साखऱ्यासारख्या गावातून दर आठवड्याला हिंगोली किंवा नांदेडला जाणे जमत नसेल, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगा. ते कमी पण ठरलेल्या फेऱ्या आखून देतील. तपासणीची तारीख मात्र चुकवू नका, सुगीच्या दिवसांतही नाही.

मुलगी भाजली आहे, शाळेत कधी पाठवू?
जखमा मिटल्या आणि ती चालू-फिरू लागली की पाठवा. दाबाचे कपडे घालूनच जाऊ द्या. आधी शिक्षकांशी बोला. खेळणे, लिहिणे, डबा उघडणे हाही तिच्या हातांचा व्यायाम आहे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची जखम, वय आणि इतर आजार वेगळे असतात. उपचारांचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.